सोमवारचे प्रश्न

गुलाबभाईंच्या नंबरावरून मला फोन येण्याचा प्रघात नव्हता. फोन करण्याचे काम माझे, घेण्याचे त्यांचे, अशी आमची वाटणी होती आणि ती दोघांनीही काटेकोरपणे पाळली होती. म्हणून त्या शनिवारी सकाळी मी चहा ठेवून गॅसपाशी उभा असताना मोबाईलवर त्यांचे नाव दिसले, तेव्हा तो उचलण्यापूर्वीच माझ्या मनाने काय ते ओळखले होते. पलीकडे त्यांच्या पत्नी शमीमभाभी होत्या. त्यांच्यामागे बायकांचे आवाज येत होते. "भाऊ," त्या म्हणाल्या, "परवाचा फोन नका करू..." पुढे त्यांना बोलवेना, आणि मला विचारवेना. तारीख पुढे ढकलली गेल्यावर कचेरीत म्हणतो तसे मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. चहा उतू जाऊन ज्योत विझली, तेव्हा भानावर आलो. गुलाब शेख वारले होते. मी पायांत चपला सरकवल्या आणि त्यांच्या गावची, तिसगावची बस धरली.

या पुरवणीच्या वाचकांपैकी पाथर्डीच्या तहसील कचेरीत ज्यांचे कधी काम पडले असेल, त्यांनी गुलाबभाईंना पाहिलेले आहे; नाव मात्र माहीत नसेल. आवारातल्या कडुलिंबाखाली एक लांब लाकडी टेबल आहे. त्याच्या एका टोकाला मी बसतो. मी अर्जनवीस. शिक्षण म्हणाल तर नववीपर्यंत. पण सात-बारावरील नोंदीपासून वारसाच्या तक्रारीपर्यंत या तालुक्यातील किती कुटुंबांचे म्हणणे माझ्या शब्दांतून सरकारदरबारी पोहोचले आहे, याची जाणीव मला आहे आणि ती लपवण्याचे कारण मला दिसत नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गुलाबभाई आपले मराठी टंकलेखन यंत्र घेऊन बसत. मी मजकूर सांगायचा, त्यांनी तो कागदावर उमटवायचा, असा आमचा निम्म्या आयुष्याचा संसार. संसार हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. माझी पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगी शिरूरला नांदते आहे, आणि दिवसभरात ज्या माणसाशी माझे सर्वांत अधिक बोलणे होई, तो माणूस त्या यंत्रापाठीमागे बसलेला असे.

बोलणे म्हणजे बहुतांशी वाद. मी "अत्यंत विनम्रतापूर्वक व कळकळीने विनंती करण्यात येते की" असे सांगावे आणि कागदावर "विनंती की" एवढेच उमटावे. मी हरकत घेतली, की गुलाबभाई चष्म्यावरून पाहत म्हणत, "कळकळ त्या खिडकीतनं आत घेत न्हाईत, हायकोर्ट." मला ते हायकोर्ट म्हणत. आरंभी ती थट्टा होती. पुढे ती हाक झाली. माझा परिच्छेद लांबला, की यंत्र थांबे. "तहसीलदारसायेब काय पोथी लावून बसल्यात का? त्या बाईला रेशनकार्ड पायजे. तिच्या सासऱ्याच्या सद्गुणांचं काय करायचं त्यांनी?" मी रागावत असे. तो राग दुपारच्या भाकरीपर्यंत टिके. मग ते डबा उघडत, शमीमभाभींच्या हातची मेथीची भाजी माझ्या पुढ्यात सरकवत, आणि पुढच्या अर्जातले विशेषण पुन्हा गाळत.

आजाराची पहिली खबर माणसाने दिली नाही, यंत्राने दिली. कागदावर उजव्या हाताच्या करंगळीकडची अक्षरे फिकी उमटू लागली. मी शाईच्या फितीला दोष दिला. त्यांनी फीत बदलली. अक्षरे फिकीच. मग यंत्राला दोष दिला. नगरहून दुरुस्तीवाला आणून तेलपाणी केले. एके दिवशी आतल्या लिपिकाने एक अर्ज परत पाठवला, निम्मी अक्षरे वाचता येत नाहीत म्हणून. गुलाबभाईंनी तो कागद उन्हात धरून बराच वेळ पाहिला आणि मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. "मशीन बराबर हाय, हायकोर्ट," ते म्हणाले. "मारनाराच हलका मारतोय."

नगरच्या डॉक्टरांनी निदान केले. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरतात आणि माणसाचे हातपाय, मग जीभ, मग घसा दुबळा होत जातो, असा तो रोग. बरे करणारे औषध नाही. मात्र त्याच सुमारास नगरच्या एका खासगी रुग्णालयात याच रोगावरच्या एका नव्या गोळीची चाचणी चालली होती. निम्म्या रोग्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली; कोणाला कोणती, हे रोग्यास ठाऊक नसायचे आणि डॉक्टरासही नसायचे. हे ऐकून मी खुर्चीतून उठलो होतो. ज्या व्यवहारात देणारालाही माहीत नाही की आपण काय देतो आहोत, तो व्यवहार कोणत्या कायद्यात बसतो? पण गुलाबभाईंना आशेचा दरवाजा किलकिला दिसला होता. संमतीपत्र मी स्वतः, प्रत्येक पान, मोठ्याने वाचून दाखवले. त्यात एक कलम होते, की ही चाचणी आवश्यकता वाटल्यास मुदतीपूर्वी केव्हाही थांबवली जाऊ शकते. मी त्यावर बोट ठेवले. "हे एकतर्फी आहे. यावर आपण हरकत नोंदवू." गुलाबभाई पेन हातात धरण्याच्या खटपटीत होते. "अवो, सुरू तरी हू द्या की," ते म्हणाले. त्यांनी सही केली, आणि साक्षीदार म्हणून खाली मी केली.

चाचणी सुरू झाली आणि तिच्याबरोबर सोमवारचा फोन सुरू झाला. रुग्णालयातल्या संशोधन विभागात स्वाती नावाची एक मुलगी काम करत असे. दर सोमवारी सकाळी, कचेरीच्या खिडक्या उघडण्याआधी, तिचा फोन येई. मोबाईल कानाशी धरून ठेवणे गुलाबभाईंना जड जात असल्यामुळे तो टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा केलेला असे, आणि त्यामुळे ते प्रश्न मलाही पाठ झाले. "नमस्कार, संशोधन विभागातून बोलतेय. गुलाबकाका, शर्टाची बटणं लावता येतात का? घास गिळताना ठसका लागतो का? जिना चढता येतो का? झोप लागते का? बोललेलं घरच्यांना कळतं का?" आणि सर्वांत शेवटी, "घरी मदतीला माणूस आहे ना?" या शेवटच्या प्रश्नाला गुलाबभाई दर वेळी एकच उत्तर देत. "हाय. शमीम हाय." ते उत्तर देताना त्यांच्या आवाजाला एक ऐट येई.

मला त्या फोनविषयी आरंभी किंचित आकस होता, हे नमूद करतो. मी शेजारी बसून रोज सकाळी विचारीत असे, "काय गुलाबभाई, कसं काय?" आणि मला रोज एकच उत्तर मिळे, "येकदम बरंय." आणि सोमवारी, त्याच टेबलावर, त्या अनोळखी मुलीला ते सांगत, "न्हाई ताई, रात्री पान्याचा घोट नाकात गेला. लई भ्यालो." मी ऐकत असे आणि अर्जाच्या समासात उगाच रेघा ओढत बसे. एकदा न राहवून विचारले, की मला का सांगत नाही. ते हसले. "तुमच्या तोंडाकडं बगितलं की 'बरंय'च तोंडातनं निघतं. तिला तोंड न्हाई. नुसता आवाज हाय... त्याला खरं सांगता येतं." मग चष्मा नाकावर ढकलून म्हणाले, "आन् तुमच्या घरी, हायकोर्ट? मदतीला मानूस हाय का?" मी म्हणालो, "प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या बाजूस आहे. तुमचं काम उत्तरं देण्याचं." "व्हय व्हय," ते म्हणाले, "तुमी पडलात साक्षीदार."

त्या काळात रोग थांबला आहे असे आम्हा दोघांनाही वाटू लागले होते. खरे म्हणजे तो थांबला नव्हता; पण सोमवार ते सोमवार जगणाऱ्या माणसाला फरक कळत नाही. आणि मग एका सोमवारी स्वातीने प्रश्न विचारलेच नाहीत. "काका," ती म्हणाली, "एक सांगायचंय. ट्रायल थांबवलीय. सगळीकडचीच. उरलेल्या गोळ्या घेऊन एकदा यावं लागेल." गुलाबभाई मोबाईलकडे पाहत राहिले. मी मध्येच तोंड घातले. "थांबवली म्हणजे? मुदत संपायला अजून अवधी आहे. कोणाच्या आदेशाने?" ती म्हणाली, ते मोठ्या मॅडम समजावून सांगतील. फोन बंद झाला. गुलाबभाई हळूच म्हणाले, "तिनं बटनाचं इचारलंच न्हाई."

ज्या व्यवसायात मी आयुष्य घालवले, त्यात कोणताही आदेश अखेरचा नसतो. तलाठ्याने नाही म्हटले तर तहसीलदार, तहसीलदारांनी म्हटले तर प्रांत, आणि त्यावरही वरची पायरी असतेच. चाचणी थांबवणे हा माझ्या लेखी एक आदेश होता, आणि ज्या पक्षकारावर त्याचा परिणाम होणार त्याचे म्हणणे न ऐकता तो काढला गेला होता. सबब तो टिकणारा नव्हता. मी त्याच दुपारी अपील सांगावयास बसलो. रुग्णालयाच्या नैतिकता समितीचे सेवेशी. कारणे, आधार, संमतीपत्रातील कलमे, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व, अर्जदाराची प्रामाणिक हजेरी, त्याचे निष्कलंक चारित्र्य. गुलाबभाई डाव्या हाताच्या एकाच बोटाने एकेक अक्षर मारत होते. संध्याकाळ होत आली. लिंबावर कावळे जमले. माझ्या ध्यानात आले, की आज यंत्र एकदाही थांबलेले नाही. कागद पाहिला. "अत्यंत विनम्रतापूर्वक व कळकळीने" तिथे होते. सगळेच्या सगळे तिथे होते. मी विचारले, "आज काटछाट नाही?" मान वर न करता ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आज. कोनता शब्द लागू पडंल, काय सांगावं..."

माझ्या मजकुरावर इतका विश्वास कोणी कधी ठेवला नव्हता. आणि तो ठेवला गेला त्या क्षणी मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

नगरला मोठ्या मॅडमनी, म्हणजे चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरांनी, आम्हाला आपल्या खोलीत बसवले. गोरगरिबांना दाराशी उभे करून बोलणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. त्यांनी अपील शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मी त्यांच्या डोळ्यांची हालचाल पाहत होतो. मग त्यांनी ते पालथे न घालता समोरच ठेवले. "भाऊसाहेब, फार मेहनतीनं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण हा कुणी कुणाविरुद्ध दिलेला निकाल नाही. बाहेरची एक समिती असते. कुणाला कोणती गोळी चाललीय, ते तिला उघडून बघता येतं. तिनं मधेच उघडून बघितलं. खरी गोळी घेणारे आणि नुसती गोळी घेणारे, दोघांचाही आजार सारखाच पुढं सरकत होता. गोळीचा उपयोग नाही, हे दिसल्यावर ती देत राहणं बरोबर नाही. म्हणून थांबवली." मी म्हणालो, "अर्जदाराला उपयोग झालेला आहे. मी साक्षीदार आहे." मॅडमनी गुलाबभाईंकडे पाहिले. "काका, मूठ दाबायच्या यंत्रावरचे तुमचे मागचे आकडे आणि आताचे मी पाहिलेत. सांगू?" गुलाबभाईंनी मान हलवली. "नगं. मला म्हाईत हाय. मशीन सांगतंय रोज."

मग त्यांनी त्या उरलेल्या गोळ्यांची डबी टेबलावर ठेवली. ठेवताना गोळ्या आतल्या आत खुळखुळल्या. "मॅडम, गोळी नगं," ते म्हणाले. तोवर त्यांची जीभ किंचित जड झाली होती, म्हणून त्यांनी शब्द सावकाश, एकेक करून मांडले. "गोळीबद्दल माझं म्हननं न्हाई. ती लागू पडली न्हाई, मग काय... पन त्यो सोमवारचा फोन तेवढा चालू ऱ्हाईल का?"

इतकी पाने मी सांगितली होती, आणि अर्जदाराची खरी विनंती त्यात कोठेच नव्हती.

बाजूच्या टेबलाशी बसलेली स्वाती खिडकीबाहेर पाहू लागली. मग मॅडम म्हणाल्या, की ट्रायलबरोबर तो विभागच बंद होतो आहे, स्वातीचीही नेमणूक तेवढ्यापुरतीच होती. पण बाह्यरुग्ण विभागात केव्हाही या, मी स्वतः तपासेन, व्यायाम, गिळण्याच्या युक्त्या, जे करता येईल ते सगळं करू. त्यांनी ते मनापासून सांगितले, आणि पुढे पाळलेही. गुलाबभाई "व्हय, व्हय" म्हणत राहिले. निघताना स्वातीने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "काका, चुकलंमाकलं..." ते म्हणाले, "पोरी, तुजं काय चुकलं? तू तर इचारत होतीस."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. भिंगार मागे पडले, पुढे ज्वारीची मोकळी राने सुरू झाली. करंजीचा घाट आला तेव्हा मी म्हणालो, "वर दाद मागता येईल. मुंबईला असतं काहीतरी. दिल्लीला तर असतंच." ते बाहेर पाहत म्हणाले, "ते झालं हायकोर्ट. आता ऱ्हाऊ द्या." आणि थोड्या वेळाने, "येक इचारू? आता सोमवारी मी सकाळी काय करायचं?" तिसगाव आले. मी त्यांना हाताला धरून उतरवले आणि परत चढलो. बस पाथर्डीकडे निघाली, तेव्हा ते रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते. कोणी विचारल्याखेरीज कोणत्या दिशेला वळायचे ते ठरेना, असे.

पुढच्या सोमवारी मी कचेरीत लवकर गेलो. गुलाबभाई आपल्या जागेवर येऊन बसले होते. समोर यंत्र, यंत्राशेजारी मोबाईल. मी "कसं काय" विचारले. "येकदम बरंय." मी उठलो, इमारतीला वळसा घातला, मागच्या पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो आणि फोन लावला. "नमस्कार," मी म्हणालो. "औषधचाचणी विभागातून बोलत आहे. गुलाब शेख उपस्थित आहेत काय?" मला वाटले, ते आता हसतील, आणि हसले तर मी पुन्हा कधी फोन करणार नाही. "हायत," आवाज आला. "कोन बोलतंय?" "विभाग." "इचारा," ते म्हणाले. "शर्टाची बटणं लावता येतात का?" ...आणि ज्या माणसाने क्षणापूर्वी तोंडावर बरंय म्हटले होते, तो म्हणाला, "वरची न्हाई येत. शमीम लावती. मला बायकोम्होरं मान वर करून हुबं ऱ्हायला लाज वाटती." मी टाकीला पाठ टेकली आणि पुढचा प्रश्न विचारला. आम्ही सगळे प्रश्न पूर्ण केले. परत येऊन जागेवर बसलो, तेव्हा ते नवा कागद लावण्याची खटपट करत होते. दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही.

मग तो शिरस्ताच झाला. कचेरीचा शिपाई एकदा टाकीपाशी आला आणि म्हणाला, "भाऊसायेब, तो मानूस लिंबाखाली बसलाय आन् तुमी हितनं फोन लावताय? डोकं ठिकान्यावर हाय ना?" मी त्यास शासकीय कामात व्यत्यय आणू नये अशी समज दिली. गुलाबभाईंनी ते ऐकले असावे, कारण त्या दिवशी शेवटच्या प्रश्नाला ते म्हणाले, "हाय, शमीम हाय. आन् हितं कचेरीत येक येडा हाय, तोबी हाय." ते उत्तर चौकटीत बसत नव्हते. मी ते मान्य केले.

उन्हाळा संपेतो त्यांचे येणे बंद झाले. यंत्रही घरी गेले. त्यांना ते नजरेसमोर हवे होते. आता फोन खरोखरच एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ लागला. मी माझ्या खोलीत, सकाळी, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून फोन लावीत असे. घरी बसून केला तरी तो कार्यालयीन फोन होता. हळूहळू त्यांचे शब्द विरघळत गेले. आधी मला समजेनासे झाले, मग मुलांना, मग भाभींनाही. तेव्हा त्यांनीच युक्ती काढली. खाट यंत्रापाशी ओढली. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्यासाठी यंत्राला खाली लांब पट्टी असते; ती दाबायला बोट नेमके लागत नाही, मनगट टेकवले तरी चालते. एक ठोका म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. भाभी मोबाईल यंत्राजवळ धरीत. "झोप लागते का?" ठक, ठक. "ठसका लागतो का?" ठक. "घरी मदतीला माणूस आहे का?" ठक... आणि त्या एकाच ठोक्यात मला ती जुनी ऐट ऐकू येई. फिके अक्षर उमटवणारा तो हात त्या उत्तराला मात्र जोर लावीत असे.

शेवटच्या सोमवारी सगळे प्रश्न झाले. मी नेहमीप्रमाणे "आभारी आहे, पुढील सोमवारी" म्हणणार, तोच पलीकडे पट्टी वाजू लागली. एक ठोका. थांबून पुन्हा एक. मग पुन्हा. मी गोंधळलो. "काय म्हणताहेत, भाभी?" भाभी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत असाव्यात. मग म्हणाल्या, "भाऊ, ते फोनकडं नजर दावत्यात. म्हनत्यात, तुमच्या घरचं सांगा. मदतीला मानूस..." माझ्या खोलीत पंखा फिरत होता. ओट्यावर एक कप, एक ताटली. मी म्हणालो, "हा प्रश्न विभागाच्या कक्षेत येत नाही. पुढील सोमवारी विचारात घेऊ." पलीकडून एक चमत्कारिक आवाज आला. भाभी म्हणाल्या, "हसत्यात."

आणि त्या आठवड्यातला शनिवार उजाडला.

तिसगावच्या कब्रस्तानात मीही तीन मुठी माती दिली. कोणी मला ओळखत होते, कोणी नव्हते. एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "आपण कोण?" तेव्हा सांगावयास नेमके पद सापडेना, आणि पद सापडू नये अशी वेळ माझ्यावर क्वचितच आली आहे. "त्यांच्या टेबलावरचा," मी म्हणालो. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर भाभींनी मुलाच्या टेम्पोतून यंत्र माझ्याकडे पाठवले. घरात त्यावर कोणी बसणार नाही, आणि नुसते पाहवत नाही, असा निरोप होता. मी ते कचेरीत नेले नाही. तिथे आता मी समोरच्या संगणकाच्या दुकानातून अर्ज काढून घेतो. जसे सांगावे तसे उमटते. "अत्यंत विनम्रतापूर्वक व कळकळीने" म्हटले तर तेच येते. कोणी काही गाळत नाही... सगळे आत जाते, आणि माझे अर्ज फार लांब होऊ लागले आहेत.

यंत्र माझ्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर आहे. मागच्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे लवकर उठलो, अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि त्यासमोर बसलो. फोन लावायचा नव्हता. नको असे मला स्पष्ट सांगण्यात आले आहे. तरी वेळ झाली होती. शर्टाची बटणे लावता येतात का? लावली होती. पट्टी दाबली; एक ठोका. घास गिळताना ठसका लागतो का? दोन. जिना चढता येतो का? एक. झोप... ते पुढे सोडले. मग शेवटचा प्रश्न राहिला, जो विभागाने विचारात घेण्याचे लेखी नसले तरी तोंडी मान्य केले होते. खाली रस्त्यावरून ऊसतोडीला निघालेल्या माणसांचा ट्रक जात होता. तो दूर जाईपर्यंत मी थांबलो. मग पट्टीवर मनगट टेकवले. एकदा. आणि पुन्हा एकदा. यंत्राची गाडी दोन घरे पुढे सरकली. कागद लावलेला नव्हता.